शेवटचा बॅक

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांग्याची साल तडकते ना, तो आवाज आला की मला माझा धाकटा भाऊ नाना आठवतो, मग तो समोरच का बसलेला असेना. त्याचं बोलणं तसंच होतं. आधी बराच वेळ नुसती धग, मग एकदम तडकणं. तारुण्यात तो गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. हिवाळ्याच्या कलत्या उन्हात त्याच्या पसरलेल्या बाहूंची छाया पार मैदानाबाहेर जायची. पुढे खेळ सुटला, पण पंचाशी असलेलं भांडण काही सुटलं नाही. आपला संघ जिंकला तरी पंच चुकला म्हणजे चुकला! आणि त्याची बायको मंदा, ती नेमकी पंचाच्या बाजूची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापता थापता ती त्याचा एकेक मुद्दा खोडायची. त्यांचा संसार म्हणजे काय हो, परस्परांना ‘नाही’ म्हणण्याचं एक अखंड, उबदार संगीतच होतं.

मंदा गेली, आणि नाना सगळ्याला ‘हां’ म्हणू लागला. जेवतोस? हां. नंतर जेवशील? हां. लोक म्हणाले, सावरला बिचारा. मला मात्र त्या शांततेची धास्ती वाटे. खोल विहिरीत खडा टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तशी.

परवा धुळ्याच्या मैदानावर आमच्या पोरांनी पाचोऱ्याच्या संघाला अगदी शेवटच्या घटकेला एका गोलने हरवलं. नानाला मी ओढूनच नेलं होतं. तिथून सगळे थेट आमच्या मळ्यात, भरीत खायला. जाळ पेटला आणि त्याच्याआधी वाद पेटला: तो गोल ऑफसाइड होता की नव्हता? म्हणे पाचोऱ्याचा शेवटचा बचावपटू, त्यांचा बॅक, कुठे उभा होता त्यावर सगळं ठरतं. माझ्या मुलाने, संजयने, मातीत रेघा ओढल्या आणि भरताची हिरवी वांगी खेळाडू म्हणून मांडली. जो तो वाकून एखादं वांगं वीतभर सरकवत होता, दुसरा ते परत आणत होता. नाना बाजूला, मावळतीकडे तोंड करून, दगडासारखा.

आणि मी? मी आपलं हाताला आलं ते वांगं उचललं, तेल लावलं, ठेवलं जाळावर.

“आई! तो त्यास्ना शेवटना बॅक व्हता!” संजय ओरडला, आणि अख्खा मळा हसला. “जाऊ द्या, पुरावाच जळना. पंच बरोबर. काय मामा, बरोबर ना?”

मी त्या ‘हां’ची वाट पाहत खाली मान घातली.

“नही.”

नाना उठला होता. काडीने त्याने मातीत टोचलं. “बॅक आठे नव्हताच, तठे व्हता. ऑफसाइड! पंच चुकना.”

“पण मामा, आपण जिंकनूत ना!”

“जिंकनूत. तरी ऑफसाइड.”

एवढं बोलून तो सवयीने उजवीकडे वळला, जिथे मंदा बसायची तिकडे. उत्तराची वाट पाहत. जाळातलं वांगं तेवढं तडकलं. त्याच्या चेहऱ्यावरचं तांबूस ऊन विझू लागलेलं मला दिसलं, आणि मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना मी म्हणाले, “नव्हता ऑफसाइड. पंचनं बरोबर शे.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग फुटला. “तुले काय समजस, अक्का? बॅकले तूच जाळवर भाजी टाकं!”

असा ओरडा खाऊन कुणाला इतकं बरं वाटलं नसेल. छातीवरचा धोंडा उतरला बघा. धुराचं निमित्त करून मी डोळे पुसून घेतले.

शेवटचा बॅक आम्ही सगळ्यांनी मिळून, मिरच्यांसकट, खाल्ला. तो नेमका कुठे उभा होता, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. काळही असाच एकेक खूण उचलून जाळावर ठेवत जातो. पण मंदा कुठे बसायची, हे मातीत रेघ न ओढताही आम्हा दोघांना ठाऊक आहे, आणि पुढच्या सामन्यापासून मी तिथेच बसणार आहे, पंचाच्या बाजूने.