एकही गाणं घरचं नाही

सिद्राम मास्तर धारवाडच्या सप्तापुरातनं हुबळीला खास मला भेटायला आले आणि दुकानात बसल्या बसल्या त्यांनी माझं डोकं फिरवलं.

"हणमंतअण्णा, परशुरामची गाणी खरंच त्याची आहेत की इंग्रजी रेकॉर्डवरनं उचललेली? तुम्ही एक लिहून द्या की. त्याच्या जुन्या टेपांवरनं कॅसेट निघतेय, कव्हर शुक्रवारी छापायला जातंय. तुम्ही लिहून दिलं तर गीत-संगीत म्हणून त्याचं नाव. नाही तर 'इंग्रजी गाण्यांवरून' असं घालायचं म्हणतात कॅसेटवाली मंडळी."

मास्तर कॉलेजात शिकवतात, शहाणे आहेत, पण हा प्रश्न विचारायला त्यांना कापडदुकानदारच सापडावा? परशुराम माझा सख्खा धाकटा भाऊ खरा. पण त्याचं ते रॉक संगीत मला आयुष्यात कळलं नाही. गिटार खाजवल्यासारखी वाजवायचा आणि पोटात कळ आल्यासारखा ओरडायचा. कॉलेजांच्या गॅदरिंगला त्याला ऐकायला पोरं भिंतींवर चढायची. एक्क्याऐंशी साली रायापूरजवळ स्कूटरवरून पडून तो गेला, तेव्हा खांद्यापर्यंत केस वाढवलेली चाळीसेक पोरं स्मशानात हमसून रडली. मी थोरला भाऊ असून त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. ही पोरं कोणत्या परशुरामसाठी रडताहेत, हेच मला उमजेना. आज पाच वर्षं झाली, अजून उमजलेलं नाही.

मास्तरांना म्हटलं, उद्या सांगतो. चहा पाजून वाटेला लावलं.

त्यांना सांगितली नाही अशी एक गोष्ट माझ्या पोटात होती. शहात्तर साली बेंगळूरहून एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस दुकानात आला होता. परशुराम बेळगावला कार्यक्रमाला गेलेला. त्या माणसानं विचारलं, "ही गाणी तुमच्या भावानं स्वतः केलीत का?" आता आमचा धंदा कसला? गिऱ्हाइकानं विचारलं, माल मिलचा की गावठी, तर गावठी म्हणायची सोय नाही. मी छाती फुगवून म्हणालो, "छे छे साहेब, एकही गाणं घरचं नाही. सगळं अस्सल फॉरेन. रेकॉर्डला रेकॉर्ड मिळवून बघा, सुताचा फरक नाही." त्याचं तोंड उतरलं. उठून गेला. मला वाटलं, मी भावाचं चांगलंच सांगितलं, मग हा असा का गेला? पुढं कधीतरी कळलं की त्यांना घरचाच माल हवा असतो. तोवर वेळ गेलेली. परशुरामला मी हे बोललो नाही.

त्यातून मॅट्रिकला तो इंग्रजीत दोनदा नापास. त्यानं एकदा मला म्हटलंही होतं, "अण्णा, हे मी लिहिलंय." मी हसलो होतो. दोनदा नापास झालेला माणूस इंग्रजी गाणं लिहितो, हे कुणाला पटेल? आता काय लिहून द्यायचं? खरं म्हणून खोटं लिहिलं तर पाप. खोटं समजून खरं पुसलं तर त्याहून मोठं पाप.

संध्याकाळी घरी जाऊन त्याच्या बायकोला, शालिनीला, विचारायचं ठरवलं. ती शाळेत इंग्रजी शिकवते. पण आमच्यात थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बसून बोलत नाहीत. चहा ठेव, जेवायला वाढ, एवढंच. मी खुर्ची ओढून समोर बसलो तेव्हा ती दचकलीच.

"मास्तरांनी दिलेली कॅसेट आहे. यातलं तिसरं गाणं काय म्हणतंय, ते मला मराठीत सांग."

तिनं टेपवर ते लावलं. परशुराम ओरडायला लागला. ती हळूहळू सांगू लागली. "म्हणतोय, आमच्या घरी एक माणूस कापड मोजतो. मीटर संपला की वर चार बोटं जास्त सोडतो. विचारलं तर म्हणतो, धुतल्यावर आटतंय. मला छडीनं मारायचा, तेव्हा मात्र मोजताना चार कमी मारायचा."

मी टेप बंद केला. चार बोटं मीच सोडतो. हे कुठल्या साहेबाला ठाऊक असणार?

"स्पेलिंग मी बघायची, अण्णा," शालिनी म्हणाली. "शब्द सगळे त्यांचे. तुम्ही कधी विचारलंच नाही."

मग मला राहवेना. तिला बेंगळूरच्या माणसाची गोष्ट सांगितली. वाटलं, ही आता उठून जाईल, किंवा चार शब्द सुनावेल. ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"कसं?"

"तो माणूस स्टँडवर थांबला होता. हे बेळगावच्या गाडीतनं उतरले, तिथंच त्यानं गाठलं. म्हणाला, तुमचे अण्णा सांगतात, सगळी नक्कल आहे. तुम्ही काय म्हणता? हे म्हणाले, अण्णा सांगतात ते बरोबर आहे."

"अगं पण का? का म्हणाला तसं?"

"मीही भांडले. तर म्हणतात, परक्या माणसासमोर अण्णाला खोटं कसं पाडू?"

मला रडू यावं की संताप, काही कळेना. दोन्ही एकदम आलं. "पाडायचं होतंस की, गाढवा!" असं मी मोठ्यानं ओरडलो, आणि शालिनी पदर तोंडाला लावून आत गेली. त्यानंतर जाईपर्यंत पाच वर्षं तो माझ्याशी नीटच बोलत राहिला होता. रागावला होता का? माफ केलं होतं का? की त्याला त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं? आता विचारू कुणाला?

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मी कागद पुढं केला, म्हटलं, हा असाच कव्हरवर छापा. त्यावर दोन वाक्यं होती. ही सगळी गाणी माझा भाऊ परशुराम याची आहेत. शहात्तर साली ती त्याची नाहीत असं मी सांगितलं, ते खोटं होतं.

मास्तरांनी वाचलं, चष्मा काढला. "अण्णा, पहिलं बस झालं हो. दुसरं कशाला कव्हरवर? तुमचं नाव खराब होतंय."

"त्यानं माझं नाव राखलं, मास्तर," मी म्हणालो, "म्हणून त्याचं राहिलं नाही. छापा."