रविवारची बारा मिनिटं

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे 'दुर्बीण' म्हणत. दिव्यापुढून बाटल्या सरकायच्या आणि केसाएवढी चीर असली तरी ही बया नेमकी ती बाटली उचलून बाजूला ठेवायची. नऊ वर्षं हेच काम. आता नऊ वर्षं जिने नुसती खोट शोधली, ती घरी येऊन डोळे मिटून बसेल का? छे! नवऱ्याच्या खिशापासून दुधाच्या मापापर्यंत हिला सगळीकडे पाणी मुरताना दिसायचं. आणि सासूच्या बाबतीत तर विचारूच नका.

सासूशी तिचा अबोला होता. चौदा महिन्यांचा, कडकडीत. तिची मुलगी टिंगू जन्मापासून बहिरी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी सासू बोलून गेली, "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं बाई." झालं! असं भांडण पेटलं की शेजारच्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं. भांडण तासाभरात विझलं, पण अबोला राहिला. नवरा बसचा ड्रायव्हर. टिंगूच्या झोपायच्या वेळेला तो घरी आला की त्याच्यामार्फत निरोप चालायचे. "आईंना सांगा, गॅस संपलाय." "तिला सांग, मला डोळे आहेत." तो नसताना दोघी भांडी आदळून काम भागवायच्या. एकदा झाकण आपटलं की जेवण तयार, दोनदा आपटलं की मी बाहेर चाललेय. हसू नका, चौदा महिने त्या दोन शहाण्या बायका असा संसार करत होत्या.

आठ महिन्यांपूर्वी टिंगूच्या कानाचं ऑपरेशन झालं. आत एक तार बसवली आणि बाहेर कानामागे लोहचुंबकाने चिकटणारं छोटं मशीन आलं. थेरपिस्ट बाईंनी नवऱ्याला समजावलं होतं, "कान आम्ही दिला, पण ऐकायचं काम मेंदूचं. या वयात त्याला बोलणं मिळत गेलं की त्याच्या वाटा तयार होतात. नाही मिळालं तर ती जागा दुसऱ्याच कामाला जाते. घरातली खोली रिकामी राहते का कधी? अडगळ भरतेच." नवऱ्याने मान डोलावली आणि घरी येऊन एवढंच सांगितलं, "मशीन दिवसभर लावून ठेवायचं."

आठ महिने झाले. पोर तीन वर्षांची होत आली, पण 'आई' नाही की 'बाबा' नाही. तिला एकच आवाज काढता यायचा, "ठण्!"

दुर्बिणीच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारी मशीन काढून ठेवत असणार! ऑपरेशनलाही तिचा विरोधच होता, पोरीच्या डोक्याला भोक कशाला म्हणून. मग सुरू झाली तपासणी. दुर्बिणीने टिंगूच्या केसांखाली, चुंबकाच्या कडेला पेनाने बारीक ठिपका काढला. संध्याकाळी पाहिलं तर चुंबक ठिपक्याला लागूनच. बॅटरीवर नजर ठेवली, तीही रोज उतरलेली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत घरी आली आणि खिडकीतून चोरून पाहिलं. सासू खाली मान घालून मटार सोलत होती, टिंगू झाकणांशी खेळत होती, मशीन कानामागे होतं. घर अगदी शांत. दुर्बीण चडफडत परत गेली. म्हातारी पोचलेली आहे, असं म्हणाली स्वतःशी.

थेरपिस्ट बाईंकडच्या पुढच्या तपासणीला नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून टिंगूला घेऊन तीच गेली. मनात म्हटलं, बरंच झालं, आता पुराव्यानिशी पकडते.

"मशीन किती तास लावलं होतं, हे कळतं का हो तुम्हाला?"

"सगळं कळतं," थेरपिस्ट बाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं. "रोज अकरा तास. एकही दिवस चुकलेला नाही. आजींना शाबासकी द्या."

दुर्बिणीचं तोंड एवढंसं झालं. पण बाई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"हे काय? अकरा तासांत बोलणं फक्त चाळीस मिनिटं. तेही रात्री."

ती नवरा घरी येण्याची वेळ. दुर्बीण ताडकन सरळ झाली. "बघा! मी म्हणतच होते. सासूबाई दिवसभर पोरीशी अक्षर बोलत नाहीत. मी कामावर असते ना, माझ्यामागे हे असं चालतं!"

"रविवारी कोण असतं घरी?"

"मी असते की. दिवसभर. यांची रात्री उशिरापर्यंत ड्यूटी असते, पण मी असते."

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. रविवारची बारा मिनिटं. मागच्या रविवारी नऊ. बाकी सगळी शांतता, आणि मधूनमधून आलेखावर आदळआपटीचे उंच उंच दांडे.

 दुर्बिणीने आयुष्यभर दुसऱ्यांची कुसळं वेचली आणि स्वतःचं मुसळ असं समोर उभं. या शांततेचं कारण तिला ठाऊक होतं, कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. ती टिंगूशी बोलायची तेव्हा पोर बघायचीही नाही, आणि ती फजिती सासूने पाहावी हे तिला सहन व्हायचं नाही. म्हणून तिनेही तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"अजून वेळ आहे का हो?" तिने विचारलं. 

"आहे. पण वाया घालवण्याइतका नाही."

घरी आली तेव्हा सासू ओट्याशी उभी होती. टिंगू जमिनीवर झाकणं घेऊन बसली. दुर्बिणीने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी जे बाहेर आलं ते भलतंच आलं.

"तुम्ही माझ्या पोरीशी बोलत का नाही?"

सासूच्या हातातला पेला सिंकमध्ये पडला. चौदा महिन्यांनी! ती उसळली. "मी? त्या दिवशी कोण म्हणालं होतं, माझ्या पोरीसमोर तोंड उघडाल तर याद राखा? तूच ना? नाही उघडलं! माझ्या नातीशी चौदा महिने बोलले नाही, जीव तुटला तरी बोलले नाही. तू घातलेली शपथ पाळली मी!"

"शपथ कसली? रागात बोलले मी! रागातलं कुणी असं धरून बसतं का?"

"मग मी काय दुधात साखर घालून बोलले होते? मीही रागातच होते. रडत होते त्या दिवशी, ते नाही दिसलं तुझ्या दुर्बिणीला!"

आवाज चढत गेले. चौदा महिन्यांची थकबाकी दोघी फेडत होत्या, आणि मध्येच सासूचा आवाज अडखळला. टिंगूच्या हातात झाकण नव्हतं. ती तोंड वर करून आजीकडे बघत होती. दुर्बीण म्हणाली, "काय झालं?" आणि पोरीची मान तिच्याकडे वळली.

"थांबू नकोस," सासू घाईघाईने म्हणाली. "बोल, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल! मला शिव्या दे!"

दुर्बिणीच्या तोंडून शिवी निघेना. ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हमसाहमशी रडायला लागली. "आई, तुम्ही बोला," ती कशीबशी म्हणाली. "मला नाही जमत आता."

सासू गुडघ्यावर हात ठेवत नातीसमोर बसली. काय बोलावं ते तिलाही सुचेना. मग तिने टिंगूच्या आईकडे बोट दाखवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली, ही तुझी आई, फार तापट आहे, पण तू झालीस तेव्हा हिने तुला तीन दिवस खाली ठेवलं नव्हतं.