डावीकडचा पहिला रकाना

तिने मास्तरांच्या हातातलं लाल पेन हिसकावून टेबलावर आपटलं.

"दोन वर्षं घासली मी यासाठी! आणि तुम्ही एका ओळीत निकाल लावताय?"

मास्तर हे त्यांचं टोपणनाव. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हीच त्यांची नोकरी. कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या माहितीतून हवी ती यादी मागवण्याची भाषा त्या दोघांची कंपनी बनवत होती. त्या भाषेत आधी कोणत्या रकान्यांनुसार गट पाडायचे ते लिहा, मग कोणत्या क्रमाने लावायचं म्हणून तेच पुन्हा लिहा, असं दळण दळावं लागे. तिने त्यावर एकच शब्द काढला होता, 'सगळं'. तेवढं लिहिलं की रकाने डावीकडून जसे असतील तसे गट पडायचे आणि त्याच क्रमाने यादी लागायची.

"डावीकडे कुणी नवा रकाना घातला, की यादीचा क्रम बदलतो," मास्तर म्हणाले. "आणि यंत्र चकार शब्द काढत नाही."

"असं कोण करतं? उगाच खुसपट काढायचं म्हणून काढताय."

"मग कुणा वापरणाऱ्याचं लेखी आणा. संध्याकाळच्या बैठकीत मंजूर करू."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वापरणारं माणूस तर घरातलंच होतं. तिची ताई रक्तपेढीची प्रमुख. तीन महिन्यांपूर्वी हा शब्द वापरून बघायला तिने पहिल्यांदा ताईलाच दिला होता. ती तडक तिकडे निघाली, वाटभर मास्तरांना तोंडातल्या तोंडात शिव्या घालत.

ताईही भडकलेलीच होती.

"अकरा पिशव्या फुकट गेल्या या महिन्यात! मुदत संपली. मागतील त्या रक्तगटाची यादीतली सर्वांत वरची पिशवी द्यायची, एवढं साधं काम त्या मदतनीस बाईला जमत नाही. सगळ्यांसमोर झापलं मी. काढूनच टाकलं आज."

"ते राहू दे गं. माझा शब्द कसा चालतोय, तेवढं लिहून दे."

"झकास चालतोय! उलट गेल्या महिन्यात मी त्यात सुधारणा केली. फ्रीजच्या नंबराचा रकाना सगळ्यात डावीकडे घातला, म्हणजे पिशवी पटकन सापडते. बघ."

धाकटीने पाहिलं. वर, पहिल्या फ्रीजमधली ओ गटाची पिशवी, मुदत पुढच्या महिन्याची. पार खाली, चौथ्या फ्रीजमध्ये त्याच गटाची दुसरी, मुदत उद्याची. यादी आता मुदतीच्या आधी फ्रीजच्या नंबराने लागत होती. मास्तरांवरचा सगळा राग तिच्याच अंगावर उलटला आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तेवढ्यात मदतनीस बाई आत आल्या. पन्नाशीच्या, डोळे सुजलेले. त्यांनी फ्रीजच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"थांबा," धाकटी कशीबशी म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. यादीच चुकीची लागत होती. माझ्यामुळे."

ताईने पडद्यावरच्या तारखांवरून बोट वरखाली फिरवलं. तिचा चेहरा उतरला.

"बाई... बसा ना."

"महिनाभर सांगत होते, जुन्या पिशव्या खाली राहतायत म्हणून. तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटरपेक्षा तुम्ही शहाण्या का?"

बाईंनी दार सताड उघडलं आणि धरून ठेवलं.

"आत्ता बोललात ते बाहेर येऊन बोला. मला झापलं तेव्हा सगळे होते."