गेरबॉक्स शाबूत होता

तवंदी घाटात गाडी एकाच गेरमध्ये अडकली. मागच्या सीटवर निपाणीचे तंबाखूचे व्यापारी तम्मण्णाआप्पा होते, आणि बेळगावात त्यांच्या मुलाच्या, साईराजच्या, साखरपुड्याला पाव्हणे खोळंबले होते. आप्पा खाली उतरले आणि त्यांनी ड्रायव्हर मष्णूच्या थोबाडीत मारली. मागच्या दोन गाड्यांतल्या पाव्हण्यांनी बघितलं.

"माझ्या गेरबॉक्सचं वाटोळं केलास."

मष्णू बावीस वर्षं त्यांच्याकडं होता. तो गाल धरून म्हणाला, "आप्पा, मी काय केलो न्हाय."

दोन दिवसांनी मष्णूनं गाडी बेळगावजवळच्या मच्छेच्या गॅरेजात ओढून आणली. आप्पा आणि साईराज दुसऱ्या गाडीनं आले. तिथल्या मेकॅनिक रूपालीनं स्कॅनर लावला. पडद्यावर यू-०१०१ हा बिघाडाचा कोड उमटला.

"म्हंजे काय, आक्का?" मष्णूनं विचारलं.

"इंजिनचा कॉम्प्युटर हाक मारतोय, गेरबॉक्सचा ओ देत न्हाय. दोघांचं बोलणं तुटलंय. गेरबॉक्स मोडला असंलच असं न्हाय."

तिनं डॅशबोर्ड खोलला. नव्या म्युझिक सिस्टिमसाठी कुणीतरी आतल्या वायरी सोलून टेप गुंडाळली होती. त्यातली एक आतून तुटली होती. रूपालीनं ती नीट जोडली, कोड पुसला, गाडी फिरवून आणली. सगळे गेर पडले. कोड परत आला नाही.

"मष्णूअण्णांची चूक न्हाय, आप्पा. म्युझिक कुणी बसवलं?"

साईराज मोबाईलात बघत राहिला. त्यानंच महिन्यापूर्वी बसवून घेतलं होतं. मष्णूच्या डोळ्यांत पाणी आलं. आता आप्पा काहीतरी बोलतील म्हणून तो वाट बघत उभा राहिला.

"किल्ली दे," आप्पा म्हणाले. "उद्यापासनं येऊ नको."

"अहो, पण त्यांची चूक न्हाय!" रूपाली म्हणाली.

"कळलं की मला. पर मी ह्याला चारचौघांत मारलोय. आता ह्यो रोज आरशातनं माझ्याकडं बघत गाडी चालवणार. मला ते नको."

मष्णूनं किल्ली दिली. मग रूपालीकडं वळून हळूच म्हणाला, "आक्का, त्यो नंबर कागदावर लिहून द्या. घरात दाखवतो."

तिनं नंबर लिहिला, खाली वायरीचंही लिहिलं. आप्पांनी तो कागद मष्णूच्या हातातून घेतला, वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"गाडीचा कागद गाडीबरोबर ऱ्हातो."

साईराज हसला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

मष्णू दोन बस बदलून निपाणीला पोचला. त्याची बायको ताराबाई दारातच विड्या वळत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं: नंबर, वायर, म्युझिक.

"म्हंजे तुमची चूक न्हवती न्हवं?"

"न्हवती."

"मग काढलं कशाला?"

मष्णू उंबऱ्यावर बसला. तिनं पुन्हा विचारलं. आप्पांनी चारचौघांत मारलं म्हणून काढलं, हे त्याला सांगता येईना.