अल्बममधले रिकामे कप्पे

अल्बम आवरून ठेवताना शोभनाचा हात थांबला. कालपर्यंत भरलेला प्लॅस्टिकचा कप्पा रिकामा होता. असं आधीही झालं होतं. तेव्हा कार्ड दुसऱ्या पानात सरकवलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आज तिने सगळी पानं उलटली, सोफ्याच्या उशा काढून पाहिल्या. कार्ड नव्हतं. आणि त्या घरात बाहेरचं माणूस येत होतं ते एकच, रे डोनोव्हन.

श्रूजबरीतल्या त्या घरात बेसबॉलची ही जुनी कार्डं मुलीच्या जन्माआधीपासून होती. शोभनाचे पती एकनाथराव सांगलीहून अमेरिकेत, वूस्टरच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, तेव्हा कॅन्टीनमध्ये त्यांच्याशी काय बोलावं हे कोणाला सुचायचं नाही. त्यांनी रेडिओवर बेसबॉल ऐकायला सुरुवात केली. एक उन्हाळा सरला आणि कॅन्टीनमधली माणसं वाद सोडवायला त्यांच्याकडे येऊ लागली. मग कार्डांचा नाद लागला. पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटात मिळायची ती, समोर खेळाडूचं रंगीत चित्र, मागे त्याची कारकीर्द. गाजलेले खेळाडू सगळेच जमवायचे. एकनाथरावांचा जीव दोन-चार मोसम खेळून विस्मरणात गेलेल्यांवर. त्यांच्या गोष्टी ते जेवताना सांगायचे, आणि शोभना हं हं करत उद्याच्या डब्याचा विचार करायची.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या विसराळूपणाला आजाराचं नाव दिलं. गाडीची किल्ली काढून घ्यावी लागली. नातीचं नाव आठवेना, चहा झाला की नाही ते आठवेना. पण कार्ड हातात दिलं की पन्नास वर्षांपूर्वीचा तो माणूस कोणत्या गावचा, कोणत्या हाताने खेळायचा, सगळं घडाघडा सांगायचे. डॉक्टर म्हणाले, बोलू द्या. म्हणून शोभना त्यांना चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कार्ड शोला, कार्डं जमवणाऱ्यांच्या बाजाराला, घेऊन गेली. तिथे हा रे भेटला. शाळेत मुलांना खेळ शिकवून निवृत्त झालेला, उंच, जरासा वाकलेला. ‘एकनाथ’ त्याच्या जिभेला झेपेना, म्हणून तो त्यांना ‘एक’ म्हणायचा. दर शनिवारी दुपारी यायचा, कोणी न सांगता बूट दारात काढायचा आणि अंधार पडेपर्यंत बसायचा.

सुरुवातीला शोभनाला बरं वाटलं. हळूहळू मात्र काही गोष्टी खटकू लागल्या. ती चहा घेऊन गेली की दोघांचं बोलणं थांबायचं. रे तिच्याकडे न बघता कप घ्यायचा. त्याच्याजवळ एक कापडी पिशवी असायची, ती तो बाजूला न ठेवता दोन पायांमध्ये धरून बसायचा. पिशवीत काय असतं, असं तिने एकदा सहज विचारलं, तर म्हणाला, चष्मा. चष्मा त्याच्या नाकावर होता.

तिने नेपरव्हिलला मुलीला, नेत्राला फोन केला. “आई, क्लासिक स्कॅम आहे हा,” नेत्रा म्हणाली. “असे लोक ओल्ड पीपलनाच टार्गेट करतात. त्याला घरात घेऊच नकोस.” शोभनालाही ते पटलं. पण दार बंद करायचं तर एकनाथरावांचा शनिवारही बंद होणार होता. आज रे येणार का, असं ते रोज विचारायचे. बायकोच्या नावाशी अडखळणाऱ्या या माणसाला त्या परक्याचं नाव बरोबर आठवतं, हेही तिला आत कुठेतरी सलत होतं.

तिने त्यांनाच आडून विचारून पाहिलं. “अहो, कार्डं थोडी कमी झाल्यासारखी वाटतात का तुम्हाला?”

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “तुम्हाला कशाला चौकशी?”

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. आजाराचंच काहीतरी, म्हणून तिने ते सोडून दिलं.

पुढच्या शनिवारी रे येऊन बसल्यावर, किराणा घेऊन येते म्हणत तिने गाडी काढली, वळणापलीकडे लावली आणि बर्फातून चालत परत आली. गॅरेजच्या दाराने ती स्वयंपाकघरात शिरली. कोट अंगावर तसाच ठेवून ती फ्रिजच्या आडून बघत उभी राहिली.

एकनाथराव उठले. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, बाहेरच्या दाराकडे पाहिलं, मग अल्बममधून एक कार्ड काढून रेच्या हातात दिलं. रेने ते जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आणि पिशवीत सोडलं. मग त्याने एकनाथरावांच्या खांद्यावर थोपटलं. म्हणजे या माणसाला चोरीचेही कष्ट नकोत. भोळ्या माणसाच्या हातूनच घर रिकामं करून घेतोय.

ती आत ओरडली नाही. बाहेर जाऊन रेच्या गाडीपाशी उभी राहिली. तो आला तसं म्हणाली, “पिशवी उघडा.”

त्याने मुकाट्याने उघडली. आत ते एकच कार्ड होतं.

“आजारी माणसाला लुबाडताना काहीच वाटत नाही तुम्हाला?”

रेने पिशवी पुन्हा बंद केली. “मी त्याला शब्द दिला होता,” तो म्हणाला. “‘एक’ म्हणतो, घरात कोणी बाई राहते, ती त्याची कार्डं नेते. म्हणून ती मी माझ्याकडे जपून ठेवावीत.”

“कोण बाई?”

रे नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि शोभनाला कळलं.

कळलं, तरी तिचा विश्वास बसला नाही. असं बोलून कोणीही सुटेल. तिने कार्डं दाखवा म्हटलं, आणि तेही आत्ताच. सारवासारव करायला तिला त्याला वेळ द्यायचा नव्हता. शेजारच्या प्रतिमाला फोन करून तिने एकनाथरावांपाशी बसायला बोलावलं आणि रेच्या मागोमाग गाडी नेली.

तो एकटाच राहत होता. जेवणाच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यातली काचेची भांडी काढून त्याने जमिनीवर खोक्यात ठेवली होती आणि कपाटात एकनाथरावांची कार्डं ओळीने उभी केली होती. इतकी वर्षं अल्बमवरची धूळ पुसून शोभनाला ते चेहरे पाठ झाले होते. एकेक करून तिने सगळे पाहिले. कार्डं बदलली तर नाहीत ना, म्हणून कोपरे न्याहाळले, मागची बाजू पाहिली. सगळी तीच होती.

“मला का नाही सांगितलं?”

“आधी मला ते खरंच वाटलं,” रे ओशाळून म्हणाला. “तुम्ही चहा घेऊन यायचात आणि पहिलं लक्ष अल्बमकडे जायचं. मला वाटलं, हीच ती. मग एकदा त्याने मला विचारलं, माझी बायको अजून कशी आली नाही? तुम्ही तिथेच कप उचलत होतात, पण त्याने ते हळूच विचारलं, तुमचं लक्ष नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?”

शोभना खुर्चीत बसली. रेने पाणी आणून दिलं, ते तिने प्यायलं. कार्डं घरी न्यावीत असं एकदा मनात आलं. मग ती घरात दिसल्यावर एकनाथरावांचा चेहरा कसा होईल ते तिला दिसलं. तिने स्वतःच्या हाताने कपाट लावलं आणि रेला सांगितलं, इथेच राहू द्या, शनिवारी येताना त्यातली थोडी घेऊन येत जा.

नेत्रा फोनवर चिडली. उद्या हा माणूस सगळं घेऊन गेला तर, म्हणाली. शोभनाने कबूल केलं की पूर्ण विश्वास तिचाही नाही. अधूनमधून जाऊन कपाट बघून येईन, म्हणाली.

पुढच्या शनिवारी चहा देऊन ती परत फिरली नाही. तिथेच बसली. एकनाथराव गप्प झाले आणि संशयाने तिच्याकडे बघू लागले.

“मी रेच्या ओळखीची,” ती म्हणाली.

त्यांनी रेकडे पाहिलं. रेने मान हलवली. तेव्हा ते सरकले आणि सोफ्यावर तिला जागा करून दिली. “तुम्हाला बेसबॉल कळतो का?”

“नाही. सांगा ना.”

त्यांनी एका कॅचरचं, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचं, कार्ड तिच्या हातात दिलं. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीजवळचा पोरगा, ते सांगू लागले, बोटं इतकी वेळा मोडली की शेवटी हातमोजा घालायला भावाची मदत घ्यायचा. एक पूर्ण मोसम खेळला. शेवटच्या सामन्यात त्याने मारलेला चेंडू मैदानाच्या भिंतीला लागून परत आला, पलीकडे गेला असता तर नाव झालं असतं. शोभनाने विचारलं, पुढे काय झालं त्याचं? पूर्वी कधी तिने हे विचारलं नव्हतं. एकनाथराव खूश झाले. पुढे गावी परतला, म्हणाले, पोरांना शिकवलं, सुखात राहिला.

मग ते तिच्याकडे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे नीट सांभाळा. इथल्या बाईंच्या हाती लागू देऊ नका.”

“नाही लागू देणार,” शोभना म्हणाली.

तिने कार्ड रेकडे दिलं. त्याने ते पिशवीत ठेवलं. एकनाथराव निर्धास्त होऊन मागे टेकले, आणि तिला दिसेल असा अल्बम धरून त्यांनी पुढचं पान उलटलं.