दारात आधी कोण

तपासनीसबाईंना एका जागी बसवत नव्हतं. खुर्ची, खिडकी, पुन्हा खुर्ची, असं चाललं होतं. मानवी हक्क आयोगात त्यांचं काम हेच: सरकारी ठिकाणी माणसांबद्दल निर्णय घेणारं यंत्र बसण्याआधी ते कुणावर अन्याय करतं का, हे पाहायचं. त्यांच्या सहीशिवाय यंत्र सुरू होत नसे. या खेपेचं यंत्र मोठ्या रुग्णालयाच्या दारातलं. रोग्याचा चेहरा पाहून, तक्रार ऐकून ते सांगायचं, आधी कुणाला आत न्यायचं. आणि तिथल्या प्रमुख डॉक्टर म्हणजे बाईंची सख्खी नणंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

चाचणीत गोऱ्या कातडीच्या रोग्यांच्या बाबतीत यंत्र बिनचूक निघालं. काळ्या माणसाला मात्र धाप लागली असली तरी ते 'थांबू शकतो' म्हणे.

"मग गोऱ्यांपुरतं सुरू करू," नणंद म्हणाली. "बाकीच्यांना नर्स पाहतेच आहे. त्यात कुणाचं काय बिघडलं?"

"ताई, एकाच दारात दोन न्याय?"

"तू अडून बसतेस तोवर माझ्या दारात कुणी जिवानिशी गेलं, तर ते कुणाच्या माथी?"

बाईंनी मंजुरीचा कागद तसाच परत सरकवला. त्यांनी सही केली नाही.

पुढच्याच आठवड्यात एक गोरा माळी बाकावर वाट बघताबघता गेला. नणंदेने फोनवर एवढंच सांगितलं, "यंत्राने त्याला आत घेतलं असतं." बाईंनी मंजुरीचा कागद पुन्हा मागवला, वाचला आणि बाजूला ठेवला.

तरी त्यांनी समिती बोलावली. नियमच होता, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारल्याशिवाय निकाल नाही. काळ्यांच्या वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "आमच्या 'नाही'ला वजन असेल तर बसते. नुसतं चहाला बोलावलं असेल, तर चहा मी घरी पिऊन आलेय."

"वजन आहे," बाई म्हणाल्या.

"मग सांगा, हे यंत्र शिकलं कुणाकडून?"

रुग्णालयातर्फे आलेली नणंद ताठ झाली. "आमच्या जुन्या नोंदींवरून. त्यात खोट नाही. हवं तर मी स्वतः काढून दाखवते."

तिने काढल्या. पुढच्या बैठकीला ती उशिरा आली आणि कुणाकडे न बघता बोलली, "तीच दुखणी, तोच ताप. काळ्या रोग्यांना आम्ही दुप्पट वेळ बसवत आलोय. यंत्र बिघडलेलं नाही. ते आमच्याकडून शिकलंय."

मुख्याध्यापिकांनी नोंदींचे कागद स्वतःकडे ओढून वाचले. मग म्हणाल्या, "हे तुम्ही बाहेर सांगाल?"

"सांगेन."

तिने सांगितलं. त्यापायी तिचं प्रमुखपद गेलं. यंत्र परत गेलं. नव्याने शिकवायचं, समितीपुढे तपासायचं, नर्सला त्याचा निर्णय फिरवता येईल आणि समितीला ते केव्हाही बंद करता येईल, असं ठरलं. दारातल्या नर्सच्या कामावरही आता समितीची नजर राहणार होती.

घरी जेवताना नणंदेने विचारलं, "त्या माळ्याच्या बायकोला कुणी भेटलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तिला काय सांगायचं, तेच कळत नाही."

"चल, दोघी जाऊ. काय सांगायचं ते वाटेत बघू."

ताटं तशीच ठेवून दोघी उठल्या.