आत्याच्या घरचा सण

भिंगरीला सगळेच सण आवडायचे, पण या एका सणावर तिचा जीव होता. तिचं हे नावही या सणानंच पाडलेलं. लहानपणी सणाच्या सकाळी नवा झगा अंगात गेला की ती घरभर गरगर फिरत सुटायची, चक्कर येऊन पडेपर्यंत. शाळेतलं नाव शाळेतच राहिलं. घरात आणि नात्यात ती भिंगरीच.

परदेशात गुरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांच्या जिवाला घोर लागला होता. पण त्याच शहरात त्यांची थोरली बहीण लग्न होऊन गेलेली, त्यालाही तीस वर्षं होत आलेली. आत्याचा फोन आला. "बाळ्या, माझं घर असताना पोर वसतिगृहात राहणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

पन्नाशी उलटलेले, डोक्याला चांगलं टक्कल पडलेले बाबा आत्याच्या लेखी अजून बाळ्याच होते. ते म्हणाले, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त." झालं, ठरलं. भिंगरीला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिलाही हायसंच वाटलं होतं.

आत्यानं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. हीच तर पंचाईत होती. कुणी छळलं तर भांडता येतं, घर डोक्यावर घेता येतं. पण जी बाई तुमच्या आधी उठून डबा भरते, तुमचे ओले केस पुसून देते, तिच्याशी भांडायचं तरी कशावरून? घर तिसऱ्या मजल्यावर. दाराला आतूनसुद्धा किल्ली लागायची. एक किल्ली काकांकडे, म्हणजे आत्याच्या यजमानांकडे. ते गोदामात कामाला होते आणि घरात बोलायचं काम त्यांनी केव्हाच आत्याकडे सोपवून दिलं होतं. दुसरी किल्ली आत्याच्या कमरेला.

"मलाही एक करून दे ना," भिंगरी सुरुवातीला म्हणाली होती.

"कशाला? मी घरीच असते की."

ती खरोखरच घरीच असायची. इथली भाषा तिला बाजारापुरती यायची आणि बाजारही काकाच करायचे. कॉलेज सुटून बस जरा चुकली की भिंगरीचा फोन वाजायचा. वर्गातल्या कुणी बोलावलं की आत्या म्हणायची, "जा की, मी कुठं अडवलंय?" आणि मग इतकं गप्प बसायची, की भिंगरी चपला काढून परत आत यायची. दीड वर्ष असंच गेलं.

सण आठवड्यावर आला तशी आत्याच्या अंगात वारं भरलं. भिंती पुसून झाल्या, पडदे धुऊन झाले, माळ्यावरची भांडी खाली आली. प्रत्येक कामाला एकच शेपूट, "आपल्याकडे असंच करतात." आपल्याकडे सारण कोरडं असतं. आपल्याकडे आधी थोरल्यांचं पान वाढतात. आपल्याकडे सणाच्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत.

भिंगरी मान डोलवायची. तिला आतली गोष्ट ठाऊक होती. आपल्याकडे यातलं काहीएक उरलेलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं आई सणाचं जेवण बाहेरून मागवत होती. आत्याचा फोन यायचा तेव्हा मात्र बाबा सांगायचे, "हो ताई, सगळं अगदी तुझ्या पद्धतीनं केलं." निघताना आईनं बजावलं होतं, "आत्यांना यातलं बोलू नकोस हं. जिवाला लावून घेतील."

आता या देशात त्या सणाला सुट्टी नव्हती. इतरांसाठी तो एक साधा कामाचा दिवस. काका नेहमीसारखे पहाटे गोदामात गेले. भिंगरीनं तासाला दांडी मारली, पण तिचा जीव अडकला होता कॉलेजच्या गोठ्यात. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकीला एक गाभण गाय सांभाळायला देत. तिच्या वाट्याला एक काळी, तिरसट गाय आलेली. पहिल्या दिवशी गाईनं भिंगरीला लाथ घातली होती, आता तिच्याच हातचं खायची. गाय कधीही विणार होती, आणि त्या वेळी हजर असणं हाच परीक्षेचा भाग. शिवाय वर्गातल्या मुलींना तिनं शब्द दिला होता, की सणाचं गोड घेऊन दुपारी येईन. तिची तिथली मैत्रीण इतकी उंच होती, की भिंगरीनं मनातल्या मनात तिचं नाव शिडी ठेवलं होतं. शिडीनं तर इतरांना सांगून ठेवलं होतं, की त्या दिवशी कुणी डबा आणू नका.

सकाळपासून दोघी ओट्याशी होत्या. आत्या कानवल्यांच्या पाऱ्या लाटत होती, भिंगरी त्यांत सारण भरत होती. तेलाचा वास बाहेर गेला की शेजारी कुरकुर करत, म्हणून खिडक्या बंद. ठेवणीतले कपडे घामानं पाठीला चिकटले होते. एवढ्यात फोन वाजला. शिडी होती.

"कुठं आहेस तू? तुझी गाय सारखी उठबस करतेय. पाण्याची पिशवी दिसायला लागली. सर विचारतायत तुला."

भिंगरीनं पिठाचे हात तसेच झटकले. "आत्या, मला जायला हवं. माझी गाय विते आहे."

आत्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. "गाईला काय, ती विईल आपली आपण. हजारो वर्षं विताहेत."

"माझी परीक्षा आहे ती. दोन तासांत येते परत."

"सणाच्या दिवशी गोठ्यात जाणार? या कपड्यांत?"

"कपडे बदलून जाते."

"झाऱ्या दे इकडं. करपतंय."

भिंगरीनं झाऱ्या दिला. मग उभी राहिली. दार दहा पावलांवर होतं आणि किल्ली हातभर अंतरावर, आत्याच्या कमरेला. हिसकावून घ्यायची म्हटलं तर एका झटक्यात जमलं असतं. पण हात काही उचलेना. जिनं आपल्याला ताप आला तेव्हा अख्खी रात्र उशाशी बसून काढली, तिच्या कमरेला हात घालायचा? तिला वाटलं, या घरात हवाच नाही. बंद काचेपलीकडं रस्त्यावर माणसं खुशाल चालली होती, कुणी पिशव्या घेऊन, कुणी कुत्र्याला घेऊन, आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की इथं सण चालला आहे.

"आत्या, किल्ली दे ना गं."

"तुझ्या बापाला तोंड काय दाखवू मी? सणाच्या दिवशी पोरीला शेणात पाठवली म्हणून?" आत्याचा आवाज भरून आला. "आत्ता आपल्याकडे सगळे एका पंगतीला बसले असतील. बाळ्या वाढत असेल. तुझी आई आग्रह करत असेल. आणि तुला इथं दोन घास माझ्यासोबत खायला नकोत."

भिंगरीच्या डोक्यात काहीतरी सटकन तुटलं. ती म्हणाली, "बघूया का? करूया फोन?"

दर वर्षी फोन संध्याकाळी व्हायचा, ठरलेल्या वेळी, आणि नुसता आवाजाचा. भिंगरीनं भर दुपारी व्हिडिओ लावला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. आपण काय करतो आहोत ते तिला पुरतं कळत होतं.

पडद्यावर बाबा आले. अंगात बनियन, हातात चमचा. मागं टीव्हीवर सामना चाललेला. टेबलावर हॉटेलातून आलेले प्लॅस्टिकचे डबे, अर्धे उघडे, अर्धे तसेच. आई गाऊन घालून कोचावर आडवी झालेली. धाकटा भाऊ दिसतच नव्हता.

"अगं भिंगरे, तू या वेळेला? काय गं, सगळं ठीक ना?" मग त्यांना मागं आत्या दिसली आणि चमचा खाली गेला. "ताई! अगं, आम्ही... आत्ता जरा..."

"पंगत झाली?" आत्यानं विचारलं.

आई धडपडत उठून बसली. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्या शांततेत सगळंच उघडं पडलं. "ताई, हल्ली कोण करत बसतं गं एवढं? हिचे गुडघे दुखतात. मुलगा मित्रांकडं गेलाय. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"किती वर्षं?"

"काय किती वर्षं?"

"बाहेरून किती वर्षं आणताय?"

बाबांनी आईकडं पाहिलं. आई पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं करत म्हणाली, "आत्या, तुम्ही एवढ्या लांब, एवढ्या हौसेनं करता. तुमचा हिरमोड कशाला, म्हणून आम्ही..."

"बरं," आत्या म्हणाली. "जेवा. गार होईल." आणि तिनं स्वतःच फोन बंद केला.

तिनं गॅसही बंद केला. कढईतलं तेल चुरचुरत निवत गेलं. आत्या पाटावर बसली, पिठाचे हात मांडीवर उपडे ठेवून. रडली नाही. रडली असती तर बरं, असं भिंगरीला वाटलं.

"तुला ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

"हो."

"मी तुला एवढं सगळं शिकवत होते तेव्हाही?"

"हो आत्या." आपण जिंकलो असं भिंगरीला वाटायला हवं होतं. त्याऐवजी वाटलं, की आता तर आपल्याला जन्मात इथून हलता येणार नाही. रागावलेल्या आत्याला एखादवेळी सोडून जाता आलं असतं. ही जी समोर बसली होती, तिला कसं सोडायचं?

आत्या बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडू लागली. "मी निघाले ना, तेव्हा बाळ्या म्हणाला होता, ताई, दर सणाला येईन तुझ्याकडं. एकदासुद्धा आला नाही. मला वाटायचं, तिथं एवढं सगळं करायचं असतं, घर सोडून कसा येणार बिचारा."

मग तिनं कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "जा. गोड घेऊन जा त्या पोरींना. इथं कोण खाणार आहे?"

भिंगरी धावत जिना उतरली, बसमध्ये सगळ्या वाटभर उभीच राहिली. गोठ्यात पोचली तेव्हा वासरू होऊन गेलं होतं. पाय अडकला होता, शिडीनं सरांच्या मदतीनं ओढून काढलं होतं. ती काखेपर्यंत बरबटलेली, चेहरा मात्र फुललेला. सर एवढंच म्हणाले, "गाय थांबत नाही," आणि ही गाय शिडीच्या नावावर लागली. भिंगरीला पुढच्या हंगामाची वाट बघावी लागणार होती. ती काळीच्या गळ्याखाली हात घालून उभी राहिली. काळीनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती वासराला चाटत होती.

मुलींनी हात धुतले आणि डबा उघडला. पाचसहाजणी गवताच्या भाऱ्यांवर बसल्या. शिडीनं एक कानवला तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "हे तू केलंस?"

"माझ्या आत्यानं."

"तिलाही आणायचं की!"

हे भिंगरीला कधी सुचलंच नव्हतं. दीड वर्षात एकदाही नाही. घास तिच्या तोंडात फिरत राहिला. मुली हसत होत्या, कुणीतरी सणाचं गाणं म्हण म्हणत होतं. तिनं म्हटलंही, अर्धंमुर्धं. तेवढा वेळ छान गेला. मग फोन वाजेल म्हणून ती वाट बघू लागली. तो वाजला नाही, आणि त्यामुळंच तिला तिथं बसवेना. ती लवकरच उठली.

घरी आत्यानं दोन पानं वाढून ठेवली होती आणि स्वतः जेवली नव्हती. भिंगरी हातपाय धुऊन बसली. दोन घास झाले, तसं तिनं मनाचा हिय्या केला.

"आत्या, वार्षिक परीक्षा झाली की मी वसतिगृहात जाईन म्हणते. सुट्टीच्या दिवशी येत जाईन."

"सणाच्या दिवशी असं बोलू नये."

"मग उद्या बोलेन."

आत्यानं तिच्या पानात आणखी एक कानवला वाढला, नको नको म्हणत असताना. मग आत्यानं विचारलं, "तिथं, वसतिगृहात, सणाला काय करतात?"

"काही नाही. मलाच करावं लागेल."

"तुला येतं का?"

"नाही धड."

"पाऱ्या जाड होतात तुझ्या," आत्या म्हणाली. "परीक्षेपर्यंत शिकून घे माझ्याकडून. त्याआधी तुला कुठं पाठवायची नाही मी."

ही सुटका होती की मुदतवाढ, ते भिंगरीला कळेना. विचारायला तिनं तोंड उघडलं, तोवर आत्या आणखी आणायला आत गेली होती.